वर्तुळ किती मोठं काढायचं

सकाळी ६.१५

चहाचं आधण ठेवलं की मी फोनवर आधी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघते. जुलैत कोल्हापुरात घरोघरी दिवस असाच सुरू होतो. आज पंचगंगा ३७ फूट ४ इंचांवर आहे. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. रात्रभर पाऊस होता, धरणाकडूनही पाणी येतंय, म्हणजे संध्याकाळपर्यंत चढणार.

माझ्या कामाचा या आकड्याशी थेट संबंध आहे. मी छोट्या धंदेवाल्यांच्या गुगलवरच्या जाहिराती सांभाळते. आपण काही शोधलं की निकालांच्या वर-खाली ‘प्रायोजित’ लिहिलेल्या ओळी दिसतात ना, त्या. त्या कुठे दिसाव्यात, एका पेठेत, शहरात, जिल्ह्यात की अख्ख्या देशात, हे ठरवण्यात माझा निम्मा दिवस जातो. माझ्या ग्राहकांत फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांची जाहिरात नदीपलीकडे शिये, वडणगे, आंबेवाडीतही दिसते. पाणी चढायला लागलं की कसबा बावड्याहून शियेला जाणारा रस्ता लवकर बंद होतो. मग पलीकडच्या एखाद्या घरातून जाहिरात दाबून फोन आला, तर क्लिकचे पैसे काकांचे जातात आणि काकांना जाता मात्र येत नाही. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा तर पुणे-बंगळूर महामार्गच बंद झाला, शहराचं बेट झालं. त्या दिवसांत सगळ्याच जाहिराती थांबवल्या होत्या.

सकाळी ८.४५

राजारामपुरीतल्या ऑफिसात आम्ही दोघीच, मी आणि माझी सहकारी. पहिलं काम म्हणजे काल कुठल्या शब्दांवर पैसे गेले ते वाचणं. लोकांनी नेमकं काय टाइप केलं त्याची यादी गुगल देतं, आणि ती वाचल्याशिवाय मी कुणाच्याही बजेटला हात लावत नाही. काकांच्या यादीत आज ‘फ्रिज रिपेअर निअर मी’ आहे, ‘वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही’ आहे, आणि ‘फ्रिज रिपेअरिंग कोर्स’ही आहे. कोर्स शोधणाऱ्या पोराला काम शिकायचंय, त्याच्या क्लिकचे पैसे काकांनी का भरावेत? तो शब्द बाद यादीत टाकला.

काका माझे पहिले ग्राहक. त्यांची जाहिरात लावताना माझ्याकडून जी चूक झाली, ती मी आजही प्रत्येक नव्या खात्यात आधी तपासते. ठिकाण म्हणून मी कोल्हापूर निवडलं होतं, ते बरोबरच होतं. पण त्याखाली एक पर्याय असतो, सहज नजरेत न येणारा. जाहिरात फक्त त्या ठिकाणी असणाऱ्यांना, किंवा तिथे नेहमी असणाऱ्यांना दाखवायची, की त्या ठिकाणात ज्यांना ‘रस’ आहे त्यांनाही दाखवायची? आपण काही निवडलं नाही तर गुगल दुसरा पर्याय धरतं. मी तो तसाच राहू दिला. पहिल्या आठवड्यात अकरा फोन आले, त्यांतले सात ठाण्या-पुण्याचे. कोल्हापूरला दर्शनाला यायचं म्हणून त्यांनी आधी इथली माहिती शोधली असणार. मग स्वतःच्या घरचा फ्रिज बिघडला, त्यांनी शोधलं, आणि कोल्हापूरचे काका त्यांच्या पुढ्यात आले. काकांनी प्रत्येकाशी नीट बोलून सांगितलं, मी तिकडं नाही येऊ शकत. त्या क्लिकचे बाराशे रुपये गेले. मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी घेऊन फिरणाऱ्या माणसाचे ते बाराशे रुपये होते. मी ते माझ्या फीमधून वळते केले आणि पर्याय बदलला.

आता त्यांच्यासाठी एक मोठं वर्तुळ नाही. पंधरा किलोमीटरचं एकच वर्तुळ काढणं दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यात नदीही येते आणि तिच्यावरचे पूलही. म्हणून छोटी सहा वर्तुळं काढली आहेत: राजारामपुरी, कळंबा, फुलेवाडी, कसबा बावडा, आणि नदीपलीकडची दोन. पाणी वाढलं की पलीकडची दोन काढायची, ओसरलं की परत टाकायची.

या गल्लीपुरत्या कामातही काकांची स्पर्धा देशभर पसरलेल्यांशी आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. कुठल्यातरी महानगरात बसलेलं एखादं कॉल सेंटर ‘तुमच्या शहरात अधिकृत सर्व्हिस’ अशी जाहिरात देशभर लावतं. कोल्हापुरातल्या माणसाचा फोन तिकडे जातो, तिथून इथल्याच एखाद्या कारागिराला काम विकलं जातं, आणि मधला पैसा ग्राहकाच्या बिलात चढतो. जाहिरातीची जागा लिलावात ठरते, आणि त्यांच्याइतकी बोली काका लावू शकत नाहीत. काकांना लिलावात टिकायचं तर जाहिरातीत ‘फुलेवाडी’ लिहावं लागतं, पानावर स्वतःचा फोटो आणि दुकानाचा पत्ता द्यावा लागतो. फुलेवाडीतल्या बाईला जवळचा माणूस दिसला तर ती त्यालाच फोन करते. आणि जाहिरात शोधणाऱ्याच्या जितकी कामाची, तितका क्लिक स्वस्त पडतो, कारण गुगलच्या लिलावात बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजला जातो.

सकाळी १०.३०

अंबाबाईच्या देवळाजवळ ज्यांचं यात्री निवास आहे त्या वहिनी फोनवर आहेत. त्यांची तक्रार अशी की त्यांनी स्वतः गुगलवर ‘कोल्हापूर लॉज’ शोधलं आणि त्यांची जाहिरात आलीच नाही.

“वहिनी, ती तुम्हाला दिसायलाच नको,” मी म्हणाले. “तुमच्याकडं खोली घ्यायला कोल्हापूरचं कोण येणार?”

हे पटवायला वेळ लागतो. दुकान गावात आहे म्हणजे जाहिरात गावातच दिसली पाहिजे, असं सगळ्यांनाच वाटतं. वहिनींचा धंदा एका जागी बांधलेला आहे, गिऱ्हाईक मात्र दूरदूरचं. म्हणून त्यांची मोठी जाहिरात कोल्हापूर शहर वगळून बाकी महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, तेलंगणा आणि आंध्रात चालते. तिरुपतीचं दर्शन झालं की अंबाबाईला यायचं ही जुनी रीत आहे, आणि तिरुपती ते कोल्हापूर हरिप्रिया एक्सप्रेस आहेच. इतका मोठा प्रदेश घेतला म्हणून शब्द अगदी नेमके ठेवलेत. शोधात ‘कोल्हापूर’ किंवा ‘महालक्ष्मी मंदिर’ आलंच पाहिजे. हैदराबादचा माणूस नुसतं ‘रूम’ शोधत असेल तर तो आपला नाही.

दुसरी एक लहान जाहिरात आहे, तिचं गणित उलटं. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनभोवती दोन किलोमीटर, फक्त मोबाइलवर, आणि ठरावीक वेळात: पहाटेपासून नऊपर्यंत, परत रात्री आठनंतर. मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी येते. स्टेशनबाहेर उभं राहून, हातात बॅग आणि कडेवर मूल घेऊन ‘लॉज निअर मी’ टाइप करणाऱ्याला शहराचं नाव टाकायची गरज नसते. तिथे शब्द मोकळे ठेवले तरी चालतात, कारण वर्तुळ लहान आहे.

वहिनी म्हणाल्या, “मग मला दिसत नाही म्हणून काळजी नको ना?” मी त्यांना गेल्या महिन्यात कुठल्या राज्यातून किती फोन आले ते पाठवून दिलं. जाहिरात दिसते की नाही हे मालकाने स्वतः शोधून बघू नये. आकडे मागावेत.

दुपारी १२.००

चप्पल. या कामात मला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त आवडही त्याचीच आहे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातलेही चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. माझे ग्राहक दादा घरातच चप्पल बनवतात, तिसरी पिढी. त्यांची चप्पल देशभर जाऊ शकते, तेव्हा जाहिरात देशभर, इतका सरळ हिशेब वाटतो. पण वस्तूच्या नावातच गाव आहे, आणि तिथे घोळ होतो. ‘कोल्हापुरी’ या शब्दावर देशभर जाहिरात सोडली तर कोल्हापुरी चिकन, कोल्हापुरी मसाला, कोल्हापुरी साज शोधणारे सगळे येतात. आणि समजा दुकानापुरती जाहिरात करायची म्हणून ठिकाण कोल्हापूर ठेवलं, पण तो ‘रस’ असणाऱ्यांचा पर्याय बदलला नाही, तर दिल्लीत ‘कोल्हापुरी चप्पल’ टाइप करणाऱ्याला कोल्हापुरात रस आहे असं गुगल समजू शकतं. मालकाला वाटतं जाहिरात गावात चाललीय, पैसे दिल्लीत जात असतात.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि नंतर तिची प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. त्यानंतर दादांच्या यादीत ‘ओरिजिनल कोल्हापुरी’, ‘हाताने बनवलेली कोल्हापुरी’ असे शोध दिसू लागले. या शब्दांवर मी बोली वाढवली. खरी चप्पल शोधणारा माणूस दर विचारण्याआधी चामडं विचारतो, आणि दादांकडे त्याचं उत्तर आहे.

आज मुद्दा पावसाचा. झाडपाल्यात कमावलेलं चामडं भिजलं की बिघडतं, म्हणून पावसाळ्यात मुंबई-कोकणात कोण घेणार? तिथली जाहिरात जूनमध्येच थांबवली. पण चेन्नईत पावसाचा जोर ऑक्टोबरनंतर असतो, तिथे जुलैत विक्री होते. तिथलं बजेट आज वाढवलं. दिवाळीआधी हेच उलटं करायचं, चेन्नई कमी, मुंबई-पुणे जास्त. देशभर म्हणजे नकाशावर एकदा ‘भारत’वर टिचकी मारून मोकळं होणं नाही. एकेका शहराचं हवामान, सण आणि कुरिअरचा दर बघावा लागतो.

कुरिअरचंच बघा. पैसे माल घरपोच मिळाल्यावर द्यायचे असतील तर माप बसलं नाही म्हणून पार्सल परत येतं, आणि जाण्या-येण्याचा दोन्ही खर्च दादांच्या माथी. कुठल्या भागातून किती जोड परत आले याची वही दादांच्या सूनबाई लिहितात. जिथून निम्मे परत येतात ते भाग मी वगळते. गुगलच्या हिशेबात ती विक्री असते, दादांच्या वहीत ती तोटा असतो. मी वही खरी धरते.

दुपारी २.३०

जेवण होईतोवर पन्हाळ्याकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या दोघी मावशी येऊन बसल्या होत्या. कांदा-लसूण मसाला करतात. उन्हाळ्यात कुटलेला माल बरण्यांत भरून तयार आहे. अन्न परवाना घेतलाय, पाकिटावर छापलाही आहे. मोठ्या मावशींनी आल्या आल्याच सांगितलं, “मॅडम, ऑल इंडिया लावा. आमच्या गावात कोण विकत घेणार? घरोघरी स्वतःचाच हाय की.”

त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. मी विचारलं, आत्तापर्यंत पाकिटं कुठे गेली? एका पोराने भोसरीला नेली, एकाने लालबागला, एकाने नाशिकला. बंगळूरला एका जावयाने. सगळी कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडची माणसं, नोकरीपायी बाहेर गेलेली. म्हणजे गिऱ्हाईक देशभर विखुरलेलं आहे, पण गिऱ्हाईक एकाच चवीचं आहे.

मी कागदावर दोन शब्द लिहिले. एक ‘मसाला’, दुसरा ‘कांदा लसूण मसाला’. पहिला शब्द देशभर लावला तर दररोज दुपारच्या आत पैसे संपतील. गरम मसाला, पावभाजी मसाला, चहा मसाला, मसाला डोसा, सगळे त्यात येतात. कोणी काही शोधलं की त्या क्षणी लिलाव होतो, आणि त्या लिलावात मोठमोठ्या कंपन्या बसलेल्या असतात. दुसरा शब्द मात्र देशभर लावला तरी चालेल. गुरुग्राममध्ये बसून कोणी ‘कांदा लसूण मसाला’ टाइप करत असेल, तर त्याने तो कधीतरी खाल्लेला असतो. त्याला मटणाच्या रश्श्यात तोच हवा असतो. शब्दानेच गिऱ्हाईक निवडलं, मग प्रदेश कितीही मोठा घ्या. शब्द सैल ठेवायचा असेल तर प्रदेश आवळावा लागतो. माझ्या कामात मला जे काही कळलंय ते बहुतेक एवढंच आहे.

धाकट्या मावशी शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, “आन् दिवसाला पाकिटं किती निघतील?” हा प्रश्न मी विचारायला हवा होता, त्यांनी आधी विचारला. गटात नऊ जणी, शेतीची कामं सांभाळून आठवड्याला चाळीस किलोच्या वर भरून होत नाही. पोस्टात जायला गावातून एकच एसटी सोयीची. देशभरातून एकाच दिवशी शंभर मागण्या आल्या तर पाठवणार कशा? पहिल्याच गिऱ्हाइकाला पाकीट वीस दिवसांनी मिळालं तर तो दुसऱ्यांदा मागवणार नाही, आणि पाकिटावर गटाचं नाव आहे.

म्हणून ठरलं असं: पहिले दोन महिने पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे आणि नाशिक. दिवसाला दीडशे रुपये. रोज पाठवण्याचा ताळमेळ बसला की बंगळूर आणि हैदराबाद. त्यानंतर देश. मोठ्या मावशींचा चेहरा थोडा उतरला. त्यांना ‘ऑल इंडिया’ या शब्दात मान वाटत होता, आणि तो त्यांचा हक्कच आहे. मी त्यांना सांगितलं, देशभर जायचंच आहे, फक्त माल आधी पोचू दे.

दुपारी ४.३०

लहान वर्तुळ नेहमीच शहाणपणाचं असतं असंही नाही. गडहिंग्लजला दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर बाईंची जाहिरात मी आधी गावाभोवती आठ किलोमीटरमध्ये ठेवली होती. ती दिसतच नव्हती. कारण शोधायला वेळ गेला. मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर माणूस कुठे आहे ते गुगलला बऱ्यापैकी कळतं. ते बंद असेल, किंवा कोणी कॉम्प्युटरवर शोधत असेल, तर इंटरनेट कंपनीने दिलेल्या आयपी पत्त्यावरून अंदाज बांधला जातो. गडहिंग्लजचा माणूस मग पुण्यात असल्यासारखा दिसू शकतो. लहान गावात आधीच शोधणारे मोजके, त्यांतले काही असे हरवले की हाती काही उरत नाही.

तिथे मी उलट केलं. प्रदेश मोठा घेतला, पुण्यासकट, आणि शब्दात गावाचं नाव बंधनकारक केलं: ‘गडहिंग्लज डेंटिस्ट’, ‘गडहिंग्लज दाताचे डॉक्टर’. पुण्यात नोकरी करणारी मुलगी गावातल्या वडिलांच्या कवळीसाठी शोधते, तीही त्यात सापडते. आज डॉक्टर बाईंचा फोन होता, या आठवड्यात नवीन सहा पेशंट, एक चंदगडहून आलेला.

संध्याकाळी ६.१५

पैशांची वेळ. काकांनी यूपीआयने हजार रुपये भरले. आगाऊ भरलेल्या रकमेतच १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणून जाहिरातीला ८४७ रुपये उरतात. हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. दुसरी गोष्ट, दिवसाचं बजेट १०० ठेवलं तरी गुगल एखाद्या दिवशी २०० पर्यंत खर्च करू शकतं. महिन्याचा हिशेब मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. हे माहीत नसलं की दुकानदार घाबरून जाहिरात बंद करतो.

माझी फी ठरलेली असते, खर्चाच्या टक्क्यांवर मी घेत नाही. टक्क्यांवर घेतली तर काकांची सहा वर्तुळं मोठी करण्यात माझा फायदा आणि त्यांचा तोटा. हा मोह मला मुळात नकोच आहे.

तुमच्या दुकानाची, दवाखान्याची, क्लासची जाहिरात कोणी सांभाळत असेल, तर या महिन्यात त्यांच्याकडून दोन गोष्टी मागून घ्या. एक, ज्यांनी क्लिक केलं ती माणसं प्रत्यक्षात कुठे होती त्याचा अहवाल. दुसरी, लोकांनी टाइप केलेल्या शब्दांची यादी. दोन्ही खात्यातच असतात, वेगळे पैसे लागत नाहीत. ती वाचायला जाहिरातीचं ज्ञान लागत नाही, स्वतःचं गिऱ्हाईक ओळखता आलं की पुरे, आणि ते तुमच्याइतकं कोणाला ओळखता येणार?

रात्री ९.४०

राजाराम बंधारा ३९ फूट १ इंच. इशारा पातळी ओलांडली. लॅपटॉप उघडून नदीपलीकडची दोन वर्तुळं काढली, उरलेली चार तपासली. काकांना फोन केला. ते म्हणाले, “वडणग्याच्या एका ताईंचा फ्रिज उद्या बघायचा होता, त्यांना आत्ताच सांगतो.” बावडा-शिये रस्ता आज रात्रीपासून बंद आहे.